लादीखालचं पाणी

आमच्या डोंबिवलीत घरात पाणी भरतं ते बहुतेक पाणी नसलेल्या दिवशी. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या रात्री येऊन गेलेला असतो, पण गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो कुणाला दिसलेला नसतो. सकाळी कुणीतरी नळ सोडून बघतं. नळ फुस्स करतो आणि तसाच उघडा राहतो. मग मोठी माणसं गाडी पकडायला, पोरं क्लासला, दाराला कुलूप. संध्याकाळी टाकी भरते.

आमच्याकडे हे झालं ते गणपतीला गावी निघालो त्या दिवशी. भर म्हणून सिंकच्या जाळीवर एक ताटली उपडी पडलेली. पनवेल मागे पडलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अहो, तुमचा नळ चालू राहिलाय वाटतं. आमच्या पंख्याच्या दांडीवरून पाणी उतरतंय." शेजारी किल्ली ठेवलेली होती म्हणून निभावलं. पण तोवर चार-पाच तास गेले होते. साधा अर्ध्या इंची नळ पूर्ण उघडा असला तर मिनिटाला सहज 10 लिटर सोडतो, म्हणजे तासाला 600 लिटर. 200 चौरस फुटांवर तेवढं पाणी पसरलं आणि कुठे गेलंच नाही, तर सव्वा इंचाचा थर होतो. प्रत्यक्षात ते उंबऱ्याखालून जिन्यात जातं, आणि काही जिथे जायला नको तिथे जातं.

पाच दिवसांनी परत आलो तेव्हा घर लख्ख होतं. शेजाऱ्यांनी वायपर मारून पुसून घेतलं होतं. आम्ही सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पंखे पाचवर सोडले आणि दोन दिवसांनी 'वाळलं' असं जाहीर केलं. तीन आठवड्यांनी आतल्या खोलीत कुबट वास यायला लागला. पलंगाखाली पायाला लादी जरा जास्तच गार लागायची. भिंतीच्या खालच्या पट्टीवर पांढरी, कापसासारखी बुरबुर दिसली. लोणा लागला होता. वाळली होती फक्त लादी, आणि लादीत मुळात पाणी शिरलंच नव्हतं.

आपल्याकडच्या फ्लॅटची जमीन कापून बघितली तर वरून खाली तीन थर दिसतील. सगळ्यात वर बोटभरही जाड नसलेली व्हिट्रिफाइड लादी. तिच्याखाली दीड-दोन इंच वाळू-सिमेंटचा माल, ज्याला मिस्त्री 'बेड' म्हणतात. आणि त्याखाली चार ते सहा इंचांचा स्लॅब, म्हणजेच खालच्यांचं छत. व्हिट्रिफाइड लादी स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, तिची जातच तशी ठरवलेली असते. पण तिच्या कडेचे जॉइंट, भिंतीलगतची फट, दाराच्या चौकटीचा पाय आणि पाइप जमिनीतून वर येतो ती जागा, हे सगळे रस्ते उघडेच असतात. त्यातून पाणी बेडमध्ये उतरतं. बेडचा माल मुद्दाम कमी सिमेंटचा आणि भुसभुशीत ठेवतात, लादी ठोकून लेव्हलला आणता यावी म्हणून. त्यामुळे तो स्पंजासारखं पाणी धरतो. दहा बाय बाराच्या खोलीत दीड इंची बेडच्या पोटात दहा टक्के पाणी शिरलं असं धरलं, तरी 40 लिटरांच्या वर जातं. दोन मोठ्या बादल्या पाणी जमिनीत, आणि वरून आपण अनवाणी ठणठणीत चालतोय.

आता हे पाणी बाहेर यायचं कुठून? ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने. दोन फुटी लादीला दोन मिलिमीटरचा जॉइंट असला तर अख्ख्या जमिनीतला जॉइंटचा वाटा 0.7 टक्क्याच्या आत भरतो. बाकीच्या 99 टक्के जमिनीवर काचेचं झाकण आहे म्हणा ना. त्यात हल्लीसारखं जॉइंटमध्ये एपॉक्सी भरलं असेल तर उरलेली वाटही जवळजवळ बंद. पाणी आत शिरायला वरून वजन होतं. बाहेर यायचं तर त्याला वाफ होऊनच यावं लागतं, आणि वाफेला हवेत जागा लागते.

तीच जागा पावसाळ्यात नसते. भाद्रपदात आपल्याकडे 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही काही खास गोष्ट नव्हे. त्या तापमानाला एक घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम वाफ मावते आणि त्यातली 23 ग्रॅम आधीच भरलेली असते. आमच्या त्या खोलीत 32 घनमीटर हवा. म्हणजे खोलीतली सगळी हवा मिळून अजून शंभर ग्रॅमसुद्धा पाणी उचलू शकत नाही, जेमतेम अर्धी वाटी. खिडकी उघडून आपण ती हवा बाहेर घालवतो आणि बाहेरून तितकीच भिजलेली हवा आत घेतो. पंखा फिरतो, अंगाला बरं वाटतं, जमीन तशीच राहते. हेच गणित ऑक्टोबरच्या अखेरीस एखाद्या दुपारी करा. 34 अंश आणि 45 टक्के आर्द्रता धरली तर तीच खोली 600 ग्रॅमच्या वर पाणी उचलते, आणि खिडकी उघडून हवा बदलली की दर वेळी तेवढंच नव्याने. म्हणून 'खिडक्या उघडा' हा सल्ला दिवाळीत बरोबर आणि गणपतीत चूक असतो. आम्ही तो अगदी मनापासून चुकीच्या महिन्यात पाळला.

पण हे सगळं नंतरचं. पाणी दिसल्यावर पहिला तास कामाचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी फडकी शोधण्यात जातो. आधी नळ, नाहीतर टाकीकडून घरात येणारा कॉक बंद करा. तो कॉक नेमका कुठे आहे, हे आजच बघून ठेवलेलं बरं. मग वीज. आपल्याकडे वायरिंगचे पाइप स्लॅबमधून आणि कित्येकदा लादीखालून फिरवलेले असतात, शिवाय खालचे प्लग जमिनीपासून वीतभरच उंच. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. बोर्डापर्यंत कोरड्या पायाने जाता येत नसेल तर खाली मीटर रूममधून वीज बंद करून घ्या. ईएलसीबी पडला असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, वायरमनला बोलवा. आणि खालच्यांना आपण होऊन सांगा. त्यांच्या पंख्यात आणि दिव्याच्या पॉइंटमध्ये पाणी उतरलं असू शकतं.

साचलेलं पाणी वायपरने मोरीकडे किंवा बाल्कनीच्या जाळीकडे ओढायचं. मोरीचा उंबरठा आडवा येतोच, तिथे सुपली लावून बादलीत भरा. यात कंटाळा करू नये. पाणी म्हणून काढलेलं एक लिटर, वाफ म्हणून काढाव्या लागणाऱ्या लिटरपेक्षा शंभरपट स्वस्त पडतं. ओल्या-सुक्या दोन्हीला चालणारा व्हॅक्यूम क्लीनर कुणाकडे असला तर तो जॉइंटवरून आणि भिंतीच्या कडेने सावकाश फिरवा. आम्ही पुसलेली लादी पाहून खूश झालो होतो, पण नंतर आलेल्या मिस्त्रीने त्याच कडेला टिश्यू पेपर दाबून धरला आणि तो पाहता पाहता ओला झाला.

फर्निचर उचलणं त्याच दिवशी. प्लायच्या कपाटाचे आणि बॉक्सच्या पलंगाचे पाय खालून कच्चे असतात, तिथे लॅमिनेट लावलेलं नसतं. ते पाणी वर ओढतात, फुगतात, आणि पुढे वाळवीला आमंत्रण. लादीचे तुकडे खाली सरकवून सगळं बोटभर वर घ्या म्हणजे खालून हवा खेळेल. गाद्या, चटया, पुठ्ठ्याचे खोके खोलीबाहेर. ओल्या पुठ्ठ्यावर किंवा कापडावर बुरशीला रुजायला एक-दोन दिवस पुरतात. घरात दम्याचं माणूस असेल तर हे काम आधी.

मग येते ती खरी वाळवणी. आमच्याकडे ती तीन आठवडे उशिरा सुरू झाली. एक जुना, ओळखीचा लादीवाला मिस्त्री आला. त्याने काही यंत्र काढलं नाही. खिशातून पाचचं नाणं काढलं, उकिडवा बसला आणि एकेक लादी वाजवत निघाला. टण, टण, टण, बद्द. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली. दाराकडून खिडकीच्या कोपऱ्याकडे फुल्यांचा एक पट्टाच तयार झाला. "जमिनीला उतार हिकडं हाय साहेब, पाणी सगळं कोपऱ्यात बसलंय." पोकळ वाजणारी प्रत्येक लादी ओली असते असं नाही, काही पहिल्या दिवसापासून नीट न बसलेल्या असतात. पण बद्द आवाज, गार स्पर्श आणि जवळच्या भिंतीला ओल, तिन्ही एकत्र आले की शंकेला जागा राहत नाही.

त्याने तीन बाजूंची भिंतीकडची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, अलगद काढली आणि कोपऱ्यातल्या दोन लाद्या उचलल्या. खालचा माल काळपट आणि मुठीत वळेल इतका ओला होता. मी म्हटलं, सगळ्याच लाद्या काढायच्या का? तो हसला. "वाट करून द्यायची, बास." बेड सगळीकडून जोडलेला असतो, पाणी त्यातून ओल्याकडून सुक्याकडे सरकत राहतं. कडेने आणि कोपऱ्यात तोंड उघडलं की पुष्कळ काम होतं. जॉइंट खरवडून घेतले तर आणखी बरं.

दुसरी अट बंद खोलीची. खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल, आणि आत एसी ड्राय मोडवर. एसी वाळवतो तो थंड करून नव्हे. आतल्या थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि पाइपने बाहेर पडतं. खोली फार गार केली तर उलट नुकसान, गार जमिनीतून वाफ हळू निघते. 26-27 अंश पुरे. एक टेबल फॅन जमिनीवरच ठेवून उघड्या कडेच्या दिशेने वारा सोडायचा, कारण ओल्या जागेला चिकटून बसलेली दमट हवा हलवल्याशिवाय पुढची वाफ निघत नाही. नुसता छताचा पंखा ते काम अर्धवट करतो. डीह्युमिडिफायर मिळाला तर उत्तमच, आत कॉइल तीच, फक्त खोली गार होत नाही. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे कपाटापुरते ठीक, त्यांनी जमीन वाळत नाही. हीटर किंवा हॅलोजनचे दिवे लावून खोली नुसती तापवणंही फुकट: वाफ निघते, पण बाहेर घालवणारं कोणी नसेल तर भिंतीवर जाऊन बसते.

एसीच्या पाइपखाली बादली ठेवायची कल्पना बायकोची. पहिल्या रात्री 15 लिटरची बादली निम्म्याच्या वर भरली. ते सगळं जमिनीतलं नव्हतं, फटींतून येणाऱ्या बाहेरच्या हवेतलंही त्यात होतं. पण रोज तेवढेच तास एसी चालवून बादलीवर खूण केली तर उतरता क्रम दिसतो. भिंतीवरही आम्ही एक मोजमाप केलं. ओल जिथपर्यंत चढली होती तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. दर रविवारी नवी रेघ. पहिल्या आठवड्यात ओल उलट दोन बोटं वर गेली तेव्हा पोटात गोळा आला. मिस्त्री म्हणाला, आतलं बाहेर येतंय, येऊ द्या. लोण्याचंही तसंच. पाणी बाहेर पडताना सिमेंट-विटेतले क्षार बरोबर आणतं, पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा विरघळून आत जातो.

किती दिवस लागतात? नवीन काँक्रीटला बांधकामवाले ढोबळमानाने इंचाला महिना धरतात, तोही वरून उघडं आणि हवा बरी असेल तर. भिजलेला बेड त्याहून भुसभुशीत, पण झाकलेला. आम्हाला एकूण सात आठवडे लागले, आणि त्यातले शेवटचे तीन ऑक्टोबरच्या उन्हाने फुकटात करून दिले. तेव्हा मात्र दुपारी खिडक्या उघडल्या. खात्री करायची सोपी रीत अशी: जिथे लादी काढली आहे तिथे दीड फूट चौकोनी जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचं आणि रात्रभर, निदान 16 तास ठेवायचं. उचलल्यावर आतून दव धरलेलं असेल किंवा खालचा माल काळवंडलेला दिसला, तर थांबा. सुक्या लादीवर हा प्रयोग करून उपयोग नाही, लादी काही बोलत नाही.

हे सगळं नळाच्या पाण्याचं. पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा इकडे उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या तळमजल्यांत जे शिरलं, त्यात गाळ होता आणि गटारही. 2019 च्या जुलैत उल्हास पुन्हा चढली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, त्या वेळीही तेच. असं पाणी ओसरल्यावर लगेच वाळवायला घ्यायचं नाही. आधी गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने जमीन आणि भिंतीचा खालचा भाग पुसायचा, आणि त्यानंतर वाळवणी. पायात गमबूट, हातात मोजे, लेप्टोस्पायरोसिसचं भय असतं. आणि ब्लीचिंगसोबत संडासाचं ॲसिड कधीही ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

जुन्या इमारतींतल्या मोझॅक लाद्या स्वतः पाणी पितात, पण त्याच कारणाने अंगातून वाळतातही. घोडबंदर रोडच्या टॉवरांत बेडरूमला हौसेने बसवलेली लॅमिनेटची लाकडी जमीन मात्र वाचत नाही. तिच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो, तो एकदा फुगला की परत बसत नाही, आणि खालचं फोम पाणी धरून ठेवतं. ती सरळ उचलावी.

एकदाच सांडलेलं पाणी आणि रोजची गळती, यांत गोंधळ होऊ देऊ नका. गळती चालू असताना जमीन वाळवत बसणं म्हणजे रांजणाला भोक ठेवून पाणी भरणं. खालच्यांच्या छताकडे बघून बरंच कळतं. थेंब चोवीस तास एकाच लयीत पडत असेल तर भिंतीतला नळाचा पाइप. सकाळी आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप किंवा मोरीचं वॉटरप्रूफिंग. पावसानंतरच दिसत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. मोरीखालचा स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. तो भिजला की दुरुस्तीनंतरही कित्येक दिवस खाली टिपकत राहतो. यावरून वरच्या-खालच्यांची जी भांडणं होतात त्यातली निम्मी "काम करूनही गळतंय" या वाक्यापासून सुरू होतात. आधी थेंब मोजा, मिनिटाला किती, आणि आठवड्याने पुन्हा मोजा. कमी होत असतील तर काम नीट झालंय.

खर्चाचं थोडक्यात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीने निस्तरायची, आणि संडास, सिंक वगैरेंची आतली गळती ज्याच्या घरातली त्याने. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिल्यास तो बिल्डरने 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. नळ उघडा ठेवून गावी गेलेल्याला यातलं काही लागू नाही. काकूंचं छत आम्हीच करून दिलं.

एका गोष्टीत मात्र घाई किंवा हौस नको. ओली जमीन बघून पुष्कळ लोक 'आता सगळी लादीच बदलू' म्हणतात. मे 2025 मध्ये कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जणांचा जीव गेला. आपल्याकडच्या कित्येक इमारती तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. वर्षानुवर्षांच्या ओलीने आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. खालच्यांच्या छताचे पोपडे सुटलेत, सळया दिसतायत, असं असेल तर वर हातोडासुद्धा चालवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या लादीवरच नवी लादी बसवण्याचा स्वस्त सल्लाही मिळतो. नवा दीड इंच माल आणि लादी धरली तर दहा बाय बाराच्या खोलीत टनाच्या आसपास जादा वजन चढतं. फोडलेल्या रॅबिटच्या गोण्या एका कोपऱ्यात रचून ठेवणं हाही तसलाच प्रकार, रोजच्या रोज खाली गेल्या पाहिजेत.

रंगाचं तेवढं राहिलं. आपल्याकडे घरं रंगवायची घाई गणपतीच्या आधी असते, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत, आणि मग दिवाळीला फुगे येतात. काकूंनाही दसऱ्याला छत रंगवून हवं होतं. त्यांना प्लॅस्टिकचा चौकोन आणि त्याच्या आतलं दव दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं, तुळशीच्या लग्नाआधी करा."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी प्लॅस्टिक आतून कोरडं निघालं. मिस्त्रीने त्याच दोन लाद्या परत बसवल्या, पट्टी लावली. पेंटर भिंत घासायला बसला तर खालून वर आणि वरून खाली पेन्सिलच्या आठ रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. सगळ्यात खालची जमिनीपासून अर्धं बोट. "पोराची उंची काय?" त्याने विचारलं, आणि पॉलिश पेपर हातात तसाच धरून थांबला.